पिवळ्या आठवड्यांची थंडी

यंदाही कोहरा आला. धुकं म्हणायला हवं खरं तर, पण ग्वाल्हेरात जन्म काढलेल्या माणसाच्या तोंडी तो शब्द येत नाही. तो आम्ही पुण्याहून आलेल्या पाहुण्यांसाठी राखून ठेवतो. आमच्याकडे कोहराच पडतो. तो पडला की लष्कर भागातल्या गल्लीत समोरून येणारा टेम्पो आधी ऐकू येतो आणि मग दिसतो, नळाचं पाणी बोटांना चावतं, आणि शाळांना सुट्टी देण्याचा सरकारी हुकूम निघावा म्हणून मुलं, आणि निघू नये म्हणून त्यांच्या आया, एकाच देवाला साकडं घालतात. बहुतेक वेळा देव मुलांचं ऐकतो.

मला ही थंडी फार आवडायची. आता आवडत नाही, उगाच खोटं कशाला बोला. या सोमवारी वर्गात आले, कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडली, तर सगळ्यात वर पिवळा कपडा. कुणी ठेवला वर? मीच ठेवला असणार. हातात घेतला, पुन्हा घडी केली, तळाशी सारला आणि हिरवा काढला. मुलांना काय, हिरवा तर हिरवा. मी मात्र दिवसभर कुणावर ना कुणावर खेकसत होते.

आमचं बालकमंदिर म्हणजे दोन खोल्या आणि एक अंगण. बाड्याकडून, म्हणजे आमच्या गजबजलेल्या बाजारचौकाकडून, आत शिरणाऱ्या एका गल्लीत, एका बाजूला शिलाई मशिनी दुरुस्त करणारा, दुसऱ्या बाजूला लग्नपत्रिका छापणारा, आणि मध्ये आम्ही. एके काळी इथं मराठी घरांतलीच मुलं यायची. दरबारातल्या कारकुनांची, भटजींची, फौजेतल्या माणसांची नातवंडं-पतवंडं. आता निम्म्याहून जास्त मुलं हिंदी घरांतली असतात, आणि मराठी घरांतली आहेत ती मराठीत रडतात आणि हिंदीत भांडतात. मालूताईंना त्याचं काही वाटत नसे. त्या म्हणायच्या, भांडतायत ना एकमेकांशी, मग चांगलं आहे.

मालूताईंनी मला शिकवलं, पुढं माझ्या मुलीला शिकवलं, आणि मी इथं नोकरीला लागले तेव्हा शिकवायचं कसं तेही त्यांनीच शिकवलं. अंगानं बारीक, आवाजानं त्याहून बारीक. मी एकदा ओरडले की अर्धी मुलं ऐकतात; त्या कुजबुजल्या की सगळी ऐकायची. मला याचा कायम राग यायचा.

त्यांची एक पद्धत होती. एक आठवडा, एकच गोष्ट. कधी रंग, कधी पाणी, कधी चाक, कधी नुसता आवाज. सोमवारी ती फक्त बघायची. मंगळवारी तिला हात लावायचा, बुधवारी चाखता येत असेल तर चाखायची, मग तिचं गाणं, मग घरून तशीच वस्तू शोधून आणायची. आणि शनिवारी ती गोष्ट वर्गाबाहेर नेऊन कुणाला तरी द्यायची. हे देणं म्हणजे आमचा सणच असायचा. जुन्या नऊवारीला पीळ घालून केलेली एक लांब दोरी होती, हातभर अंतरावर गाठी मारलेली. एकेका गाठीला एकेक मूल. पुढं मालूताई, शेपटाशी मी. अशी आमची वरात गल्लीतून निघायची आणि आठवडाभर शिकलेलं काहीतरी कुणाच्या तरी हातात ठेवून यायची. आवाजाच्या आठवड्यात मुलांनी मशिनवाल्या काकांना डब्यात खडे भरून केलेला खुळखुळा दिला होता. त्यांनी तो अजून खिळ्याला टांगून ठेवलाय.

पिवळा आठवडा नेहमी या कडाक्याच्या थंडीत यायचा. का, तर बाहेर सगळं करडं असतं, म्हणून. सोमवारी खिडकीवर पिवळा कपडा लावायचा. ऊन नसलं तरी खोलीत उजेड पडायचा आणि मुलं एकमेकांचे चेहरे बघून खिदळायची. मंगळवारी परातीत बेसन आणि हळद. कोपरापर्यंत हात बरबटायचे, घरी गेल्यावर आजोबांना दाखवायचे, आणि हळद शनिवारपर्यंत नखांत राहायची. बुधवारी केळं आणि साखर घातलेला पिवळा शिरा. शुक्रवारी घरून कायकाय यायचं! लिंबू, आईची ओढणी, प्लॅस्टिकचा बुलडोझर, शेताकडून येणाऱ्या कुणा मामानं आणलेली सरसोंची फुलं. अन्वी नावाची एक मुलगी होती, तिनं घरातला वरणाचा डबाच उचलून आणला होता. वरणासकट.

त्या वर्षी तो आठवडा नेहमीसारखाच झाला. शनिवारी गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या फुलवाल्या काकांना मुलांनी कागदाची पिवळी फुलं नेऊन दिली, त्यांनी प्रत्येकाला खरा झेंडू दिला, आणि आम्ही परत आलो. सोमवारी मी वर्गात आले तर मालूताई स्टुलावर उभ्या राहून खिडकीला पिवळा कपडा लावत होत्या.

मला वाटलं, पक्कं करून घेत असतील. विचारलं नाही. मंगळवारी परात आली, हळद आली. मुलांनी गेल्या मंगळवारी जितका आरडाओरडा केला होता तितकाच परत केला. बुधवारी शिरा. त्या शिरा वाढताना म्हणाल्या, "बघा हं, आज एक गंमत आणली आहे मी, तुम्ही कधी बघितली नाही अशी." आणि मुलांनी, ज्यांनी बरोबर आठ दिवसांपूर्वी हाच शिरा चाटूनपुसून खाल्ला होता, डोळे मोठे करून ताटल्या पुढं केल्या. माझ्या हातातला डाव तिथंच थांबला.

तिसऱ्या सोमवारी मी मुद्दाम लवकर गेले आणि लाल कपडा लावून ठेवला. मालूताई आल्या, दारातच थबकल्या. खिडकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. रागावल्या नव्हत्या. घाबरल्या होत्या, आणि मी त्यांना घाबरलेलं कधीच बघितलं नव्हतं. मग त्यांनी मुलांनाच विचारलं, हा कुठला आठवडा चालू आहे बरं आपला? आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडला, पिवळा! दोघंतिघं तर लाल कपडा काढायला स्टुलावर चढायला लागली. मालूताईंचा जीव भांड्यात पडला. मीच कपडा बदलला.

जगात कुठल्याही दुसऱ्या नोकरीत माणूस असा विसरला असता तर दुपारपर्यंत उघडा पडला असता. बँकेत, कचेरीत, दवाखान्यात, अगदी मोठ्या मुलांच्या शाळेतही. चौथीतल्या पोरांनी तर टेर खेचली असती. पण चार वर्षांच्या मुलाला कालचीच गोष्ट आज परत हवी असते. शब्द बदललेला चालत नाही. घसरगुंडीवरून खाली आलं की 'फिर से', गाणं संपलं की 'फिर से'. मालूताईंना जी जागा सगळ्यात सोपी पडली असती तिथंच त्या होत्या, आणि तिथल्या बारा-पंधरा जणांना त्यांच्यात काहीही बिघडलंय असं वाटत नव्हतं. मला ते बघून हायसं वाटायचं, आणि घरी जाऊन ढसाढसा रडू यायचं.

मी झाकलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा झाकीन. त्यांच्या घरी कोण होतं? नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली, मुलगा मिलिंद पुण्याला. सकाळी उठून इस्त्रीचं लुगडं नेसून यायचं आणि मुलांच्या मध्ये बसायचं, एवढंच उरलं होतं. ते काढून घेतलं तर बाईंपाशी राहतं काय? म्हणून मी आयांना तोंड देत राहिले. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रोज काहीतरी असायचंच. एकीनं लिहिलं, मॅडम इस हफ़्ते भी येलो? दुसरीचं दुखणं वेगळं होतं: घरात पिवळं स्वेटर एकच, या कोहऱ्यात धुतलेलं चार दिवस वाळत नाही, मुलीला तसंच ओलं घालू का? मी लिहिलं, न धुता घाला. एक बाबा मात्र मला रस्त्यात थांबवून म्हणाले की आमच्या पोराचं पिवळं अगदी पक्कं झालंय, आजकालच्या शाळांत एवढी मेहनत कोण घेतं. मी थँक्यू म्हणाले. काय म्हणणार दुसरं?

काही गोष्टी त्या विसरल्याच नाहीत. शाळा सुटल्यावर शेवटच्या मुलाला न्यायला कुणी येईपर्यंत त्या दारातून हलत नसत. कुणाच्या बाबांची गाडी बंद पडो, कुणाची आई किला गेटजवळच्या जाममध्ये अडको, त्या त्या मुलाचा हात धरून उभ्या. मी म्हणायची, ताई, तुम्ही चालल्या जा, मी थांबते आहे ना. ऐकायच्या नाहीत. ज्याला न्यायला आलेलं नाही त्याला सोडून जायचं नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. आठवडा कुठला ते डोक्यात राहत नव्हतं, पण हे राहिलं होतं.

मग तो शनिवार आला. कोहरा असा की दोरीच्या शेपटाकडून मला पुढची चार मुलं दिसत होती, त्यापुढं नुसता करडा पडदा. जायचं होतं फुलवाल्या काकांकडे, म्हणजे गल्लीच्या तोंडापर्यंत. पण दोरी चालतच राहिली. मुलं गाणं म्हणत होती म्हणून आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग हॉर्न ऐकू यायला लागले आणि पायाखालचा रस्ता रुंद झाला. आम्ही बाड्याच्या वर्दळीत येऊन पोहोचलो होतो. ऑटो, टेम्पो, हातगाड्या, सगळं अंगावर येत होतं. तेवढ्यात दोरी ढिली पडली. मी गाठीगाठीनं, मुलांच्या डोक्यांना हात लावत, पुढं धावले.

मालूताई रस्त्याच्या मधल्या कठड्याला टेकून उभ्या होत्या. पहिली गाठ दोन्ही हातांत घट्ट धरलेली. मला बघून त्या अगदी हळू म्हणाल्या, मुलांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू, "शुभा, आपण कुणाला द्यायला निघालो होतो गं?"

मी म्हणाले, आज खेळ उलटा आहे. आज शेपूट पुढं. मुलं खूश झाली, सगळी जागच्या जागी वळली, आणि मी जी गाठ धरली ती पहिली झाली. हात वर करून एक टेम्पो थांबवला, दुसरा थांबवला, एकाशी भांडलेदेखील. मागं वळून बघितलं तेव्हा मालूताई शेवटच्या गाठीला होत्या. अन्वीच्या मागोमाग, खाली मान घालून, गाठ सुटू नये म्हणून पावलं मोजल्यासारख्या चालत होत्या. मी त्यांना इतकं लहान कधी बघितलं नव्हतं.

मुलांनी घरी सांगायचं ते सांगितलंच. दुपारपर्यंत ग्रुपवर आग लागली. त्यांचं काय चुकलं? माझं मूल त्या दोरीला असतं तर मीही तेच केलं असतं. बालकमंदिर चालवणारी चार ज्येष्ठ मंडळी माझ्या घरी आली, चहा प्याली, आणि हे तुम्हीच सांगा बाईंना, तुमचं ऐकतील, असं म्हणून निघून गेली.

रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी दार उघडलं, मला बसवलं, आणि मी कुठून सुरुवात करू म्हणत होते तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "तू काय सांगायला आली आहेस ते मला कळतंय. आत्ता कळतंय. दुपारी कळेल की नाही माहीत नाही, तर आत्ताच बोलून घेऊ."

मग त्यांनीच सगळं विचारलं. किती दिवस चाललंय, कुणाकुणाला माहीत आहे, मुलांपैकी कुणाला लागलं-बिगलं तर नाही ना. पिवळा आठवडा परत परत झाला हे मी सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या हसल्याही. म्हणाल्या, बिचारी मुलं, कंटाळली असतील. मी म्हणाले, नाही हो ताई, एकदाही नाही. हे खरं होतं, पण त्यांना वाटलं मी समजूत घालतेय. मिलिंदला फोन त्यांनीच लावायला सांगितला. निघताना दाराशी मला थांबवून म्हणाल्या, मुलांना खोटं सांगू नकोस, पण सगळं सांगायचीही गरज नाही. सांग, मालूताई मोठ्या शाळेत गेली. इथून जाणारं माणूस कुठं जातं, तर मोठ्या शाळेत, एवढंच त्यांना ठाऊक आहे.

आता त्या पुण्याला असतात. मिलिंद चांगला आहे, सूनही जीव लावते. मधूनमधून तो व्हिडिओ कॉल लावून देतो. संक्रांतीला लावला होता. मी तिळगूळ घ्या म्हणाले तर त्यांनी त्या जुन्या, कुजबुजत्या आवाजात विचारलं, "नाव काय बाळ तुझं?" नव्या मुलाला त्या पहिल्या दिवशी असंच विचारायच्या. मी नाव सांगितलं. छान आहे, म्हणाल्या. फोन ठेवला आणि मी अंगणात जाऊन उभी राहिले.

त्या गेल्या तो पुढचा रविवारही कोहऱ्याचाच; मधला आठवडा शाळेला थंडीची सुट्टी होती. स्टेशनवर मिलिंद होता, मी होते, आणि गाडी अर्थातच लेट. मालूताई बाकावर आमच्या दोघांच्या मध्ये बसल्या होत्या, शाल डोक्यावरून घेऊन. मिलिंदनं गजकचे, इथल्या तिळाच्या वड्यांचे, डबे घेतले होते, पुण्याला कुणाकुणाला वाटायला. त्या शांत होत्या. मला वाटलं, चला, निदान जाणं तरी सोपं होतंय. गाडी लागली, मिलिंदनं सामान चढवलं, आईचा हात धरला. आणि त्या चढेनात.

मिलिंद म्हणाला, आई, चल, गाडी सुटेल. त्या माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "हिला न्यायला अजून कोणी आलं नाही." माझा हात त्यांनी घट्ट धरला होता. लोक आमच्या दोन्ही बाजूंनी ढकलाढकली करत चढत होते. मिलिंद मला खुणावत होता, काहीतरी सांग. मी कोहऱ्यात कुठंतरी, जिथं कुणीच ओळखीचं नव्हतं तिथं, हात दाखवला आणि म्हणाले, ते काय, आले, तिकडे उभे आहेत. त्यांनी डोळे बारीक करून त्या बाजूला नीट बघितलं. खात्री करून घेतली. मग माझा हात सोडला आणि चढल्या.

दुसऱ्या दिवशी सोमवार. मी वर्गात गेले. मुलं सतरंजीवर गोल करून बसली होती, मालूताईंची पुढची जागा मोकळी ठेवून. खिडकीला काही लावायचं माझ्यात बळ नव्हतं. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं: मालूताई मोठ्या शाळेत गेल्या. कुणी रडलं नाही. एकानं विचारलं, स्कूल बसनं? मी म्हणाले, रेल्वेनं. तो फार प्रभावित झाला.

अन्वी मात्र विचार करत होती. तिनं बसल्या जागेवरून विचारलं, "छोडायला कोण गेलं होतं?"

"मी गेले होते."

"रडली का ती?"

मी म्हणाले, नाही, त्या नाही रडल्या. मी रडले. हे का सांगितलं कुणास ठाऊक. त्या म्हणाल्या होत्या ना, खोटं सांगू नकोस. अन्वी उठली, माझ्यापाशी आली. तिला त्यात नवल काहीच वाटलं नव्हतं.

"माझी मम्मीपण रोती थी ना, गेटवर," ती म्हणाली. "रोज रोती थी. फिर उसको आदत हो गई."

आणि माझं बोट धरून तिनं मला नेऊन सतरंजीवर बसवलं, आपल्या शेजारी, गोलात. जरा सरकून जागाही करून दिली. मी बसले. मुलं त्या मोकळ्या जागेकडे बघत शांत बसून राहिली, मीही त्यांच्याबरोबर तिकडेच बघत बसून राहिले. वर्ग आता मलाच घ्यायचा आहे, हे मला बऱ्याच वेळानं आठवलं.